आधी पारडू, मग खरवस

कोपरच्या बायजाच्या हाताला गुण आहे, असं कुणी तिच्या तोंडावर म्हटलं की ती फटकन म्हणायची, "गुण नाय बाय, सवय हाय." आणि तेही खरंच होतं. खाडीच्या अंगाला पसरलेल्या त्या चाळीसेक घरांच्या गावात पंचविशीच्या आतलं जे कुणी चालतंबोलतं होतं, त्याला या जगात पहिला हात लागला होता तो बायजाचा. सुईणपण तिला सासूकडून आलं होतं. सासू गेली, तिच्यामागे पाण्याचं तांब्याचं घंगाळ राहिलं आणि हे काम राहिलं. बायजानं दोन्ही घासूनपुसून वापरात ठेवलं.

बाई दिसायला बुटकी, रंगानं खाडीच्या चिखलासारखी, लुगडं गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं. तोंडाचा पट्टा असा, की अडलेली बाई कळा विसरून हिच्याकडे बघत राहायची. "वरड, पोटभर वरड," ती सांगायची, "पन नवऱ्याला शिव्या देऊ नको. तो पडवीत बसून इडी ओढते, त्याला आयकू जात नाय." बाळंतपणाचं ती कधी काही मागायची नाही. बाराव्या दिवशी खण-नारळ आणि सुपातून तांदूळ यायचे, ते घ्यायची. आले नाहीत तरी त्या घरी दुसऱ्या खेपेला जायची, फक्त पहिला अर्धा तास टोमणे मारायची.

तिचा एक शौक होता, खरवसाचा. कुणाची म्हैस व्याली की चिकाचा एक लोटा बायजाकडे यायचा, कारण तिच्यासारखा खरवस गावात दुसऱ्या कुणाला जमत नसे. गुळाचं माप तिच्या बोटात होतं. वर हळदीचं पान झाकून ती तो उकडायची आणि सुरीनं वड्या पाडून, ज्यांचा चीक त्यांच्या घरी आधी पाठवून मग स्वतः खायची. पण लोटा हातात घेण्याआधी तिचा एक प्रश्न ठरलेला असे. "पारडू प्यालं काय पोटभर?"

समोरचा जरा जरी चाचरला तरी लोटा परत जायचा. एकदा गावच्या पाटलाच्या घरचा लोटा तिनं असाच परत पाठवला होता. "आधी पारडू, मग खरवस," ती म्हणाली होती. "चीक पोटात गेल्याबिगर पारडू पाय धरत नाय. तुमाला वडी गोड लागंल, पन ते मरंल." पाटलीणबाईंनी मुकाट्यानं लोटा परत नेला, पारडाला पाजलं आणि उरलेला चीक दुसऱ्या दिवशी पाठवला. जनावराच्या बाबतीत बायजा असली कडक होती. बोळ्यानं दूध पिणारी बाई नव्हती ती.

आणि याच बाईचा माणसाच्या पोरांसाठी नियम अगदी उलटा होता.

बाळ झालं की पहिले तीन दिवस आईच्या अंगावरचं त्याला द्यायचं नाही. तो चीक. पिवळा, घट्ट. नऊ महिने छातीत साठून राहिलेला, म्हणजे शिळा झालेला. पोराच्या आतड्याला चिकटतो, पोर फुगतं. असं सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. म्हणून तो करवंटीत पिळून घ्यायचा आणि केळीच्या बुंध्याशी ओतायचा. जमिनीवर उघडा टाकायचा नाही, मुंगी लागली तर दूध आटतं. तोवर बाळाला गुळाचं पाणी, कापसाच्या बोळ्यानं, थेंब थेंब. चौथ्या दिवशी कडुलिंबाच्या पाण्यानं आईची छाती धुवायची, आणि मग पोर अंगावर घ्यायचं. तोपर्यंत बाईची छाती गाठून दगडासारखी व्हायची, अंग तापायचं. पोर बोळ्याला सोकावलेलं, नाहीतर इतकं मलूल, की तोंड उघडायलाही त्याला जोर नसायचा. काही पोरं त्यातूनही तगायची. बरीच तगायची नाहीत. न तगलेल्यांना सटवीनं नेलं असं म्हणायचं आणि बायजा त्या घरी जाऊन आईच्या पाठीवर हात फिरवत बसायची. हात फिरवताना तिला खरोखर रडू यायचं. तिच्या मनात खोट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं.

तिची स्वतःची सात बाळंतपणं. हाती लागला एकटा गोविंदा.

या गोविंदाची बायको तुळसा. अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पहिली मुलगी आठव्या दिवशी हगवणीनं गेली. दुसरा मुलगा अकराव्या दिवशी. दोन्ही वेळा बायजानंच नाळ कापली, बायजानंच चीक पिळला, बायजानंच गुळाचं पाणी केलं. दुसऱ्या खेपेनंतर तुळसा महिनाभर कुणाशी बोलली नाही. तिच्या छातीतून दूध गळत राहायचं, लुगड्याचा पदर भिजायचा, आणि ती तसाच ओला पदर घेऊन मिठागरावर मिठाच्या टोपल्या वाहायची. सून बायजाला मनापासून आवडत होती. तोंडानं कधी म्हणाली नव्हती, एवढंच.

१९५३ सालच्या कार्तिकात तुळसाला पुन्हा नववा महिना लागला होता. भातं कापून झाली होती, झोडणी चालू होती. आणि तिच्याआधी पाच दिवस घरची म्हैस चंद्री व्याली. रेडकू झालं, पण अशक्त. उठायला बघायचं आणि मागच्या पायांवर बसायचं.

गोविंदा भांडं घेऊन चंद्रीच्या कासेला बसला. झोडणीला आलेली माणसं अंगणात होती, त्यांना खरवस खिलवायचा त्याचा बेत होता. दोन धारा भांड्यात पडतात न पडतात तोच बायजानं येऊन त्याच्या मनगटावर एक ठेवून दिली. एकोणतीस वर्षांच्या, एका पोराचंही सुख न लाभलेल्या बाप्याला चार माणसांत आईनं मारलं, तर तो काय बोलणार? तो हात चोळत उठला.

"पारडू उठलं नाय, आनि तू खरवसाला बसलास?" बायजा कडाडली. "मरंल ते! चीक त्याचा हाय. त्याच्या नावानंच उतरला तो. सरक!"

तिनं रेडकाला दोन्ही हातांनी उचललं, त्याचं तोंड सडाला लावलं, बोट आत घालून जीभ मोकळी केली आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी चोळत बसली. बऱ्याच वेळानं ते चोखायला लागलं. संध्याकाळपर्यंत चार वेळा तिनं त्याला असंच पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडकू उभं होतं आणि तिसऱ्या दिवशी ते अंगणात वाळत घातलेल्या भातातून उड्या मारत होतं. बायजा कौतुकानं म्हणाली, "बगा. चीक पोटात गेला, पाय धरले."

तुळसा तेव्हा गोठ्याच्या मेढीला टेकून उभी होती, हात पोटावर.

पाचव्या दिवशी उन्हं वर आल्यावर तिला कळा सुरू झाल्या. आत बायजा आणि मदतीला बायजाची जाऊ कमळाबाई. ही कमळाबाई शेजारच्याच घरात राहायची. गावातल्या सगळ्या रीतिभातींची राखण आपल्याकडे आहे असं तिला वाटायचं आणि गावालाही ते चालायचं, कारण दुसऱ्या कुणाला तेवढा वेळ नव्हता. दुपार कलायच्या आत तुळसा मोकळी झाली. मुलगा. आवाज खणखणीत. बायजानं नाळ कापली, पोर कोमट पाण्यानं पुसलं, फडक्यात गुंडाळलं. कमळाबाईनं गूळ भिजत घातला, कापूस पिंजून बोळा केला. बायजानं धुतलेली करवंटी घेतली आणि सुनेजवळ बसली.

तुळसानं दोन्ही हात छातीवर आडवे धरले.

"हात काढ," बायजा म्हणाली.

"नाय."

बायजाला वाटलं, पोरीला ग्लानी आलीय. तिनं समजुतीनं हात धरला. तुळसानं तो झिडकारला. बाळंत होऊन घटकाही न झालेल्या त्या किरकोळ बाईच्या अंगात एवढा जोर कुठून आला, देव जाणे.

"आत्ये," ती म्हणाली, आवाज अगदी खाली होता, "तुमी बोललात, आधी पारडू. चीक त्याचा हाय बोललात. माजं पोर पारडाऊन हलकं हाय काय?"

"अगं बाय माजे!" कमळाबाईनं कानांवर हात ठेवले. "जनावराची आनि मानसाची बरोबरी करते ही! वातात बोलते, बायजे. धर तिचे हात, मी पिळते."

"दोन दिली तुमाला," तुळसा बायजाकडे बघत म्हणाली. "दोनदा गप बसले. ह्यो तिसरा. मेला तर माज्या हातानं मरू दे."

बायजा उठली. हातात करवंटी तशीच. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि गोठ्याजवळच्या दगडावर जाऊन बसली. समोर रेडकू चंद्रीच्या पोटाखाली ढुसण्या देत होतं, तोंडाला पांढरा फेस. आणि बायजाला ते आठवलं, जे तिनं एकोणतीस वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं.

गोविंदा घरात जन्मलाच नव्हता. चैत्रातली भर दुपार, मिठागराचा बांध. ती मीठ ओढायला गेलेली, दिवस अजून भरले नव्हते, म्हणून सासूनंही अडवलं नव्हतं. अचानक कळा आल्या. सोबतच्या बाया जेवणाला गावात गेल्या होत्या आणि मागून भरतीचं पाणी चढून वाट बुडाली. राखणीच्या झापाच्या खोपटात ती एकटीच बाळंत झाली. जवळ गूळ नाही, कापूस नाही, गोड पाणी म्हणावं तर मडक्यात घोटभर. चारी बाजूंना खारं पाणी आणि मीठ. पोर रडून रडून निळं पडायला लागलं. मग तिनं त्याला छातीशी घेतलं. दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. ते चोखायला लागलं आणि गप झालं.

ओहोटी लागल्यावर सासू आली, तिला घरी घेऊन गेली. बायजानं सांगितलं, पोर उपाशीच आहे. आणि मग तीन दिवस ती सासूसमोर करवंटीत थोडं पिळून दाखवायची आणि सासू वळली की पोराला अंगावर घ्यायची. एकदा बाटलंच आहे तर आता कशाला उपाशी मारा, असा तिचा विचार. गोविंदा जगला. आधीची तीन गेली होती, हा जगला. बायजाला वाटलं, आपण पाप केलं आणि देवीनं डोळेझाक केली. म्हणून ती दर चैत्रात बांधावरच्या त्या जागी एक नारळ फोडायची आणि माफी मागायची. गावाला वाटायचं, बायजाला मिठागराच्या देवाचा नाद आहे.

गोविंदानंतर आणखी तीन झाली. त्या वेळी तिनं काही चोरून केलं नाही. देवी एकदा सोडते, पुन्हापुन्हा सोडत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. तिन्ही वेळा रीतीप्रमाणे चीक केळीला घातला. तिन्ही गेली.

सात पोरांत एकाच्याच पोटात चीक गेला होता. एकच जगलं होतं. पारडाला पाय धरायला काय लागतं, हे सगळ्या गावाला सांगत फिरणाऱ्या बाईला आपल्या घरातलं एवढं दिसलं नव्हतं. बायजा त्या दगडावर बसून रडली. आवाज येऊ नये म्हणून तिनं पदर तोंडात धरला होता.

आतून बाळाचं रडणं आलं तशी ती उठली. करवंटी तिनं चुलीत घातली. कमळाबाई एका हातात बोळा घेऊन उभी होती, तो काढून घेतला आणि तोही करवंटीवर टाकला.

"बायजे! काय करतेस?"

"पारडू पाजते," बायजा म्हणाली.

मग ती सुनेजवळ बसली. आता तिचे हात पुन्हा तिचे झाले होते. तिनं उशाला गोधडीची गुंडाळी दिली, पोर कुशीवर वळवलं. "असं नाय, पोटाला पोट लाव. त्याला तोंड मोठं उघडू दे. घाई नको. आता दे." पोरानं दोनदा तोंड चुकवलं, तिसऱ्यांदा धरलं. तुळसानं डोळे मिटून घेतले. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. बायजानं सुनेच्या पायांवर हात ठेवला. सासूनं सुनेच्या पायांना हात लावायचा नसतो, पण पाय पुसायचं निमित्त होतं.

कमळाबाई तरातरा निघून गेली आणि दिवे लागायच्या आत गावाला कळलं, की बायजानं नातवाला चीक पाजला.

पुढचे दिवस बायजाचा जीव टांगणीला होता. हे पोर गेलं असतं तर त्याचा दोष ना सटवीकडे गेला असता, ना नशिबाकडे, तो बायजाकडेच आला असता. ती लंगोट उजेडात नेऊन बघायची. आधी काळं, डांबरासारखं, मग हिरवट, मग मोहरीसारखं पिवळं. तिनं पुन्हापुन्हा पोटावर बोटं ठेवून बघितलं, फुगलेलं नाही. तुळसाची छाती गाठली नाही, ताप आला नाही. चौथ्या दिवशी दूध असं उतरलं, की पोराला ठसका लागला. आठवा दिवस आला. त्या दिवशी बायजानं काही खाल्लं नाही. आठवा गेला. अकराव्या दिवशी गोविंदा कामावर गेलाच नाही, दिवसभर पडवीत दोरी वळत बसला आणि वळलेली दोरी पुन्हा उसवत राहिला. अकरावाही गेला. पोर दूध पिऊन झोपलं होतं आणि त्याच्या हनुवटीखाली चक्क वळी पडली होती.

बाराव्या दिवशी बारसं. घुगऱ्या शिजल्या, पाळणा बांधला, गावच्या बाया जमल्या. मुलाचं नाव आनंदा ठेवलं. कमळाबाईही आली होती, न येऊन कसं चालेल? पाळण्यात डोकावून ती म्हणाली, "चांगला हाय हो. या खेपेला देवीनं डोळेझाक केली."

हेच शब्द. एकोणतीस वर्षं बायजा स्वतःशी जे बोलत आली होती, नेमके तेच. बायजाच्या हातातलं घुगऱ्यांचं ताट खाली आलं.

तिला गप बसता आलं असतं. नातू जगला होता, घर सुखात होतं. बोललं तर काय होईल, हे तिला बसलेल्या प्रत्येक बाईच्या तोंडावर दिसत होतं. त्यातल्या किती जणींचं पोर तिच्या हातून आलं आणि तिच्याच हाताखालून गेलं होतं! पाळण्याच्या डाव्या बाजूला मालन बसली होती, रघूची बायको, विशीची पोरगी. तिला सातवा महिना होता. गेल्या साली तिची मुलगी सहाव्या दिवशी गेली, आणि मालनचा चीक बायजानंच पिळला होता.

"देवीवर ढकलू नको, कमळे," बायजा म्हणाली. "देवीनं काय केलं नाय. देवीनं दूध दिलं, ते आपून केळीला घातलं." आणि मग तिनं सगळं सांगितलं. बांध, भरती, खोपट, चोरून पाजलेले तीन दिवस. नंतरची तीन पोरं. नारळ कशाचा होता ते. सांगताना ती कुणाकडे बघत नव्हती, पाळण्याच्या दोरीकडे बघत होती. "मना माहीत होतं आनि मना माहीत नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "तुमची पोरं माज्या हातानं गेली. मी मुद्दाम केलं नाय. पन केलं. माज्या सुनेनं माजे डोळे उघडले, तिचे उपकार मी फेडू शकत नाय. आथा तुमी मना काय बोलायचं ते बोला."

मालन उठली. पदर सावरला, पाळण्याला हात लावून बोटं कपाळाला टेकवली आणि बायजाकडे न बघता दारातून निघून गेली. तिच्यामागे आणखी दोघी उठल्या.

त्यानंतर दोन महिने बायजाला कुणी बोलावलं नाही. पौषात गावात दोन बाळंतपणं झाली, दोन्हीकडे ठाकुर्लीहून सुईण आणली. बायजा घंगाळ घासून उन्हात ठेवायची, संध्याकाळी उचलून आत आणायची. तुळसा पोराला घेऊन तिच्याजवळ बसायची. "आत्ये, धरा जरा," म्हणायची, काही काम नसलं तरी. आनंदा आजीच्या मांडीवर मुठी चोखत पडायचा. बायजा त्याला म्हणायची, "तुजी आयस नसती तर तू नसतास, समजलास काय?" हे वाक्य सुनेला ऐकू जाईल अशा बेतानंच ती म्हणायची. तेवढं तिला आता जमायला लागलं होतं.

माघात एके दिवशी सकाळी रघू धावत आला. "आजे, चल. मालनला कळा येतात."

"मना?" बायजा म्हणाली. "तिना इचारलं काय?"

"तीच बोलली, आजीला आन. दुसरी कोन नको बोलली."

बायजा गेली. मालन एक अक्षर बोलत नव्हती, ओरडतही नव्हती, दात आवळून कळा देत होती. बायजाचा पट्टाही त्या दिवशी बंद होता. मुलगा झाला. नाळ कापून, पुसून बायजा पोर हातात घेऊन उभी राहिली आणि तिला पुढं सुचेना. या खोलीत, याच बाजेवर गेल्या साली तिनं करवंटी धरली होती.

"दे ना," मालन म्हणाली. "कनाची वाट बगतेस?"

बायजानं पोर तिच्या छातीशी ठेवलं. या पोराला काही शिकवावं लागलं नाही. त्यानं असं ओढायला सुरुवात केली, की मालन "आय गो" म्हणाली आणि मग त्याच्या डोक्यावर तोंड टेकवून हुंदके देऊन रडायला लागली. कुणासाठी रडतेय ते बायजाला कळत होतं. ती बाजेच्या पायथ्याशी बसून राहिली. तिनं या वेळी पाठीवर हात फिरवला नाही. आपल्याला तो हक्क राहिला आहे की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

या बाळाच्या बारशाला बायजाला बोलावणं आलं, पण मालन तिच्याशी काही बोलली नाही. मग फाल्गुन गेला. गावातल्या आणखी एका घरून बोलावणं आलं, मग आणखी एका. कुठं म्हातारी हटून बसायची, कुठं बायजा भांडून यायची. कमळाबाईच्या सुनेच्या वेळी कमळाबाईनं तिला बोलावलं नाही, पण चीकही टाकला नाही, असं तिच्या सुनेनंच नंतर विहिरीवर सांगितलं.

चैत्र आला. नेहमीच्या दिवशी बायजा नारळ घेऊन बांधावर गेली. ते खोपट कधीच पडलं होतं, दोन मेढी तेवढ्या उभ्या होत्या. मिठाच्या राशी उन्हात डोळे दिपवत होत्या. ती जागा झाडून बसणार, तोच बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. मालन. खांद्याशी पोर, हातात पिशवी.

ती येऊन उभी राहिली. चालून दमली होती. पिशवीतून तिनं दोन नारळ काढून बायजासमोर ठेवले.

"एक ह्याचा," ती म्हणाली, "आनि एक माज्या पोरीचा. फोड."

बायजानं पहिल्या नारळाला हात लावला. दुसऱ्याकडे तिचा हात जाईना. "पोरीचा मी कंच्या तोंडानं फोडू गो?"

"तुज्याच हातानं आलती ती." मालन खाली बसली. "आजे, मी लय राग केला तुजा. त्या दिवशी उठून गेले, तवा वाटत होतं, तुजं तोंड बगाचं नाय. मग रातदिस एकच मनात येत होतं. तू बोलली नसतीस तर तुना कोन इचारनार होतं? तुजा नातू पाळन्यात होता. गप बसली असतीस तर ह्यो पन गेला असता, आनि मना कदी समजलं पन नसतं कनानं गेला." तिनं पोराच्या डोक्यावरचं टोपडं सरळ केलं. "ते सांगाला आलू. घरी सांगता येत नव्हतं."

बायजानं तिन्ही नारळ फोडले. मालनच्या मुलीचा शेवटी फोडला, हळू, आणि त्याचं सगळं पाणी त्या जागेवर शिंपडलं. मग तिनं हात जोडले. एकोणतीस वर्षं याच जागी ती माफी मागत आली होती. आज माफी मागण्यासारखं खरंच काहीतरी होतं, ती तिनं मागितली. आणि मग तिनं दुसरंही म्हटलं, जे इथं कधीच म्हटलं नव्हतं. भरतीनं त्या दिवशी वाट बुडवली, बरं झालं, म्हणाली. सून दिलीस, बरं केलंस. ही पोर आज इथं आणलीस, लय बरं केलंस.

मालननं खोबऱ्याचा एक मोठा तुकडा सोलून तिच्यापुढे धरला. "घे आजे. तुना आधी."

तेवढ्यात मांडीवरचं पोर कुरकुरलं आणि आईच्या पदराशी तोंड घासायला लागलं. बायजानं डोळे पुसले, तिचा हात बाजूला सारला आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "पोर रडते, आनि तू खोबरं काय वाटतेस? आधी त्याला घे. मग आपून खाऊ."